सोळा एप्रिलची पगारी सुट्टी : वॉशिंग्टन शहराचं प्रकरण

अमेरिकेत राहणाऱ्या कुणालाही विचारा, टॅक्स रिटर्न भरायची शेवटची तारीख कोणती? उत्तर येईल, पंधरा एप्रिल. पण २०११, २०१६ आणि २०२२ या तीन वर्षांत ती १८ एप्रिल होती. शनिवार-रविवार आला की तारीख पुढे सरकते, हे ठाऊक असतं. या तिन्ही वर्षी मात्र १५ एप्रिलला शुक्रवार होता, म्हणजे ऐन कामाचा वार. तरीही ह्यूस्टनच्या, शिकागोच्या, सॅन होजेच्या माणसाला तीन दिवस जास्त मिळाले. त्याचं कारण इतकंच, की त्या शुक्रवारी वॉशिंग्टन शहराच्या कर्मचाऱ्यांना पगारी सुट्टी होती.

ही सुट्टी मुक्तिदिनाची. तारीख १६ एप्रिल. ती शनिवारी आली तर आदल्या शुक्रवारी पाळतात, रविवारी आली तर सोमवारी. एका शहराने आपल्या माणसांना दिलेली एक दिवसाची सुट्टी सबंध देशाचं कर भरायचं वेळापत्रक हलवते, म्हणून या प्रकरणाकडे लक्ष जातं. माझ्या मते प्रकरणाचा गाभा मात्र त्याच्याही आत, ‘पगारी’ या एका शब्दात आहे. १८६२ मध्ये या शहरातली गुलामगिरी संपली तेव्हा पैसे कुणाला मिळाले आणि कुणाला मिळाले नाहीत, हे पाहिल्याशिवाय २००५ मध्ये हा शब्द कायद्यात येणं किती मोठं होतं ते कळत नाही.

कायदा १८६२ चा

वॉशिंग्टन ही राजधानी, पण ती कुठल्याच राज्यात मोडत नाही. डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया असा तिचा वेगळा जिल्हा आहे आणि त्याच्यावर थेट अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा अंमल. १८५० मध्ये इथला गुलामांचा खरेदी-विक्रीचा बाजार बंद झाला, पण माणूस मालकीचा असणं बंद झालं नाही. १८६० च्या जनगणनेत इथे ११,१३१ स्वतंत्र काळे लोक होते आणि ३,१८५ गुलाम. एकाच गल्लीत, एकाच चर्चमध्ये, कित्येकदा एकाच घरात नवरा स्वतंत्र आणि बायको गुलाम.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांचे प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेले आणि वाट मोकळी झाली. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री विल्सन यांनी डिसेंबर १८६१ मध्ये विधेयक आणलं. १६ एप्रिल १८६२ रोजी लिंकन यांनी त्यावर सही केली. शाळेच्या पुस्तकांत ज्याचा उल्लेख असतो तो मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. म्हणजे त्याच्या साडेआठ महिने आधी राजधानीतले लोक मोकळे झाले होते.

पण या कायद्यात भरपाईचं कलम होतं, आणि ती भरपाई मालकांना होती. युद्धात सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या मालकाला माणसामागे सरासरी ३०० डॉलरपर्यंत देण्यासाठी दहा लाख डॉलर बाजूला काढले गेले. देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला जे तयार होतील त्यांच्यासाठी आणखी एक लाख, माणशी फार तर शंभर डॉलर. ज्यांनी आयुष्यभर राबून घेतलं त्यांना मोबदला, आणि जे राबले त्यांना पैसे मिळायची एकच सोय : निघून जा. इथेच राहून आपल्या मजुरीचा हिशोब मागणाऱ्यासाठी एक सेंटही नाही.

भरपाई ठरवायला तीन जणांचा आयोग बसला तो सिटी हॉलमध्ये. माणसांची किंमत लावायची कशी, हे आयोगाला कळेना. म्हणून बाल्टिमोरहून बर्नार्ड कॅम्पबेल या गुलामांच्या व्यापाऱ्यालाच तज्ज्ञ म्हणून बोलावलं. मोकळी झालेली माणसं त्याच्यासमोर उभी केली जायची आणि युद्धापूर्वीच्या बाजारात किती आले असते, ते तो सांगायचा. कायद्याने नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बाईने परत एकदा दलालापुढे उभं राहायचं, हे वाचताना हात थांबतो.

अर्जदारांत सगळेच गोरे नव्हते. गेब्रियल कोकली या स्वतंत्र काळ्या माणसाने आपली बायको आणि मुलं पैसे मोजून सोडवून घेतली होती, त्यामुळे कागदावर तो त्यांचा मालक होता. त्याने त्यांच्या नावे अर्ज केला आणि त्याला जवळपास १,४८९ डॉलर मिळाले. स्वतःच्या बायकोमुलांसाठी आधी भरलेले पैसे काही अंशी परत मिळवायची ही एकच वाट होती, आणि त्याने ती धरली. मला या सगळ्या कागदपत्रांत हा अर्ज सर्वांत न्याय्य वाटतो.

१२ जुलै १८६२ च्या पुरवणी कायद्याने थोडं पुढचं पाऊल टाकलं. मालकाने अर्ज केलाच नाही तर ज्याची मुक्ती आहे त्याला स्वतः अर्ज करता येऊ लागला, आणि काळ्या माणसाची साक्ष ग्राह्य धरली जाऊ लागली. शंभराहून जास्त जणांनी तसे अर्ज केले.

फिलिप रीडचे तेहतीस रविवार

मालकांच्या अर्जांत एक अर्ज क्लार्क मिल्स या शिल्पकाराचा आहे. त्याच्या यादीत फिलिप रीड हे नाव येतं. वय ४२. मिल्सने लिहिलंय की हा दिसायला विशेष नाही, पण डोक्याने हुशार आहे आणि ओतशाळेतला चांगला कारागीर आहे. त्याच्यासाठी मिल्सने १,५०० डॉलर मागितले. आयोगाने दिले ३५० डॉलर ४० सेंट.

या कारागिराचं काम आज वॉशिंग्टनमध्ये कुठूनही दिसतं. कॅपिटॉलच्या, म्हणजे काँग्रेस जिथे भरते त्या इमारतीच्या, घुमटावर साडेएकोणीस फुटांचा, स्वातंत्र्यदेवतेचा ब्राँझचा पुतळा आहे. तो शहराच्या वेशीवर, मिल्सच्या ओतशाळेत ओतला गेला. टॉमस क्रॉफर्डने रोममध्ये घडवलेला प्लास्टरचा नमुना तुकड्यातुकड्यांनी जहाजातून आला होता आणि एका इटालियन कारागिराने तो कॅपिटॉलमध्ये जोडून उभा केला होता. ओतशाळेत न्यायचा तर परत सुटा करायला हवा. इटालियन अडून बसला, पगार वाढवल्याशिवाय सांधे दाखवणार नाही म्हणाला. बाहेरून तर एकही सांधा दिसत नव्हता. तेव्हा रीडने पुतळ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीत दोर अडकवला, कप्पी लावली आणि हळूहळू वर ताण द्यायला सुरुवात केली. ताणाने प्लास्टरला जिथे बारीक भेग पडली तिथे सांधा होता. पाच भाग सुटे झाले आणि काम पुढे सरकलं.

ओतकाम चालू असताना भट्टीची आग सांभाळायला रीड आठवड्याचे सातही दिवस असायचा. सरकारी हिशोबात त्याची मजुरी रोजी सव्वा डॉलर लागली आहे. सोमवार ते शनिवारचे पैसे जायचे मिल्सकडे, कारण रीड त्याच्या मालकीचा. रविवार मात्र गुलामाचा स्वतःचा वार धरला जायचा, म्हणून रविवारी काम केलं तर पैसे रीडच्या हातात. जुलै १८६० ते मे १८६१ या काळातले असे तेहतीस रविवार नोंदवलेले आहेत. एकूण ४१ डॉलर २५ सेंट.

मला या प्रकरणात याहून बोलकी नोंद सापडली नाही. या माणसाच्या सहा दिवसांच्या कामाला दाम होता, पण तो दुसऱ्याच्या खिशात जायचा. स्वतःची कमाई व्हायला त्याला विसाव्याचा वार विकावा लागला. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचा शेवटचा भाग घुमटावर चढला तेव्हा फिलिप रीड स्वतंत्र माणूस होता.

मिरवणूक, आणि शंभर वर्षांचा खंड

१९ एप्रिल १८६६ रोजी शहरातल्या काळ्या रहिवाशांनी मुक्तिदिनाची पहिली मोठी मिरवणूक काढली. चार-पाच हजार लोक चालत होते आणि दहा हजारांच्या आसपास बघायला उभे होते. फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये सभा झाली. पुढच्या जानेवारीत काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार धुडकावून शहरातल्या काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क दिला. तेव्हापासून दरवर्षीच्या मिरवणुकीत आनंद होताच, जोडीला मागण्याही असायच्या. १८७४ मध्ये काँग्रेसने शहराचा निवडून आलेला कारभारच काढून घेतला आणि गोरे-काळे सगळ्यांचाच मताधिकार गेला. मिरवणूक तरी चालू राहिली. १८८८ च्या १६ एप्रिलला, एकेकाळी स्वतः गुलाम असलेले काळ्यांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांनी दक्षिणेतल्या शेतमजुरांची स्थिती वर्णन करून ही तथाकथित मुक्ती म्हणजे प्रचंड फसवणूक आहे, असं याच व्यासपीठावरून सांगितलं. ज्या दिवसाचा उत्सव, त्याच दिवशी त्याचं उणंही मोजायचं, हा रिवाज तेव्हाचा.

पुढे गटबाजी वाढली, पैसे जमेनात, आणि १९०१ नंतर मिरवणूक थांबली. नंतरच्या पिढ्यांना १६ एप्रिल म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही. सुट्टी नव्हती, शाळेत कार्यक्रम नव्हता, त्यामुळे आजीने नातवाला सांगावं असं निमित्तच उरलं नाही.

ती आठवण परत आणली लॉरेटा कार्टर हेन्स यांनी. साक्षरतेच्या कामात असलेल्या या बाई याच शहरातल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या दर १६ एप्रिलला पुष्पचक्र वाहायचा छोटा समारंभ घेऊ लागल्या आणि कायद्याची मूळ प्रत लोकांना बघायला मिळावी म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मागे लागल्या.  दरवर्षी त्याच दिवशी उभं राहायचं, एवढंच.

‘खासगी’ ते ‘सार्वजनिक’

आता मुख्य टप्पा. वॉशिंग्टनला १९७३ च्या कायद्याने महापौर आणि तेरा जणांची परिषद परत मिळाली. परिषदेतले पाचव्या प्रभागाचे सदस्य व्हिन्सेंट ऑरेंज यांनी मुक्तिदिनाचा विषय हाती घेतला. २००० मध्ये परिषदेने १६ एप्रिलला ‘खासगी कायदेशीर सुट्टी’चा दर्जा दिला. शहराने दिवस मान्य केला खरा, पण तो पूर्ण पगारी सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत बसला नाही.

या टप्प्याला मी महत्त्व देतो, कारण पुष्कळ ठिकाणी गोष्ट इथेच थांबते. दिवस जाहीर होतो, पत्रक निघतं, फलक लागतो आणि कामगार मात्र नेहमीप्रमाणे कामावर. ज्याच्याकडे रजा शिल्लक आहे आणि ज्याचा साहेब समजूतदार आहे, तो येतो समारंभाला. रोजच्या पगारावर घर चालवणारी बाई अशा दिवशी येऊ शकत नाही. मानाचा दिवस तिच्यासाठी बिनपगारी रजेचा दिवस ठरणार असेल, तर तो दिवस तिचा झालाच नाही.

२००२ मध्ये, शंभर वर्षांच्या खंडानंतर, मिरवणूक पुन्हा रस्त्यावर आली. परिषदेने पुढचा कायदा केला आणि ४ जानेवारी २००५ रोजी महापौर अँथनी विल्यम्स यांनी त्यावर सही केली. १६ एप्रिल ही शहराची अधिकृत सार्वजनिक सुट्टी झाली. इथेही एक पायरी होतीच. परिषदेने केलेला कायदा काँग्रेसपुढे ठराविक मुदत ठेवावा लागतो आणि तिथे त्याला हरकत घेता येते. मुक्तिदिनाची सुट्टी द्यायलाही या शहराला वर बघावं लागलं.

सुट्टी प्रत्यक्षात कशी चालते? शहराची कार्यालयं आणि ग्रंथालयं बंद. कचऱ्याची गाडी त्या दिवशी येत नाही आणि पुढचे वार एकेक दिवस पुढे सरकतात, म्हणजे ज्यांचा कचरा सोमवारचा त्यांनी डबा मंगळवारी बाहेर ठेवायचा. रस्ते झाडायचं वेळापत्रक थांबतं. पोलीस, अग्निशमन दल यांना काम सोडता येत नाही, त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवसाच्या जादा पगाराचा नियम आहे. मुक्तिदिन म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याच्या दारात तो कचऱ्याच्या डब्यामार्फत पोहोचतो. विसरलेला दिवस लोकांच्या ध्यानात परत येतो तो असा, रोजच्या व्यवहारातून.

करखात्याला उशिरा कळलेली गोष्ट

टॅक्सच्या तारखेचा दुवा कुणी ठरवून जोडलेला नव्हता. संघराज्याच्या करकायद्यात जुनं कलम आहे : शेवटची तारीख शनिवारी, रविवारी किंवा कायदेशीर सुट्टीच्या दिवशी आली तर पुढचा कामाचा दिवस धरायचा, आणि कायदेशीर सुट्टी म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियातली सुट्टी. संपूर्ण देशासाठी एक माप हवं होतं, ते राजधानीचं घेतलं. शहराने आपल्या यादीत एक सुट्टी वाढवली आणि ती आपोआप देशभर लागू झाली.

२००७ मध्ये १५ एप्रिलला रविवार होता, म्हणून करखात्याने माहितीपुस्तिकांत १६ तारीख छापली. छपाई बरीचशी होऊन गेल्यावर लक्षात आलं की १६ ला वॉशिंग्टनमध्ये मुक्तिदिनाची सुट्टी आहे. मग १७ एप्रिल ही मुदत वेगळी जाहीर करावी लागली.

वॉशिंग्टनच्या रहिवाशांच्या दृष्टीने याला आणखी एक पदर आहे. ते संघराज्याला पूर्ण कर भरतात, पण सिनेटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नाही आणि प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मताचा अधिकार नाही. २००० मध्ये त्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाविना कर’ अशा अर्थाचं वाक्य आलं. म्हणून मुक्तिदिनाच्या कार्यक्रमांत राज्याचा दर्जा आणि मताचा हक्क या मागण्या हमखास येतात. १८६६ च्या मिरवणुकीचा आणि आजच्या मिरवणुकीचा धागा एकच आहे.

आक्षेप आणि माझं मत

सुट्टीवर तीन आक्षेप घेता येतात. पहिला खर्चाचा : शहराच्या तिजोरीतून एका दिवसाचा पगार बिनकामाचा जातो. जातो, हे खरं. पण याच शहरात या दिवसाच्या कायद्याने माणसांच्या मालकीपोटी जवळपास दहा लाख डॉलर वाटले गेले, तेही १८६२ च्या भावाने. तो खर्च संघराज्याच्या तिजोरीने सोसला, तर शहराच्या तिजोरीला कामगारांचा एक दिवस जड व्हायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या कायद्याने मालकांना पैसे दिले आणि मुक्त झालेल्यांना परदेशी धाडायची सोय केली, त्या कायद्याचा उत्सव का करायचा? मी या आक्षेपावर बराच विचार केला. उत्तर १८६६ च्या मिरवणुकीत आहे असं मला वाटतं. जे स्वतः मोकळे झाले होते, ज्यांना कायद्यातली खोट आपल्या अंगावरून ठाऊक होती, त्यांनीच हा दिवस निवडला. त्यांनी साजरी केली ती त्या दिवशी मिळालेली मोकळीक. तो निर्णय त्यांचा होता, आणि आपण तो मानायला हवा.

तिसरा : १९ जूनचा जूनटीन्थ २०२१ पासून संघराज्याची सुट्टी आहे, मग वेगळा १६ एप्रिल कशाला? टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा हुकूम १९ जून १८६५ ला वाचला गेला, फ्लोरिडात टॅलाहासीला २० मे १८६५ ला. मुक्ती सगळीकडे एका दिवशी पोहोचली नाही. ज्या गावात ती ज्या दिवशी आली, तो त्या गावाचा दिवस. एका राष्ट्रीय तारखेत सगळ्या तारखा मिळवून टाकल्या तर फिलिप रीड कोणत्या दिवशी मोकळा झाला, हे सांगणारी तारीखच राहणार नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. अमेरिकेतल्या गुलामीविरुद्धच्या लढ्याची दखल महाराष्ट्रात त्याच काळात घेतली गेली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण करून, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आणि फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. कुणाच्या मालकीचा नाही असा एक वार माणसाकडे असावा, हे या दोघांनाही सांगावं लागलं नसतं.

वॉशिंग्टनच्या सुट्टीची हद्द मात्र अजून आखूड आहे. ती शहराच्या कर्मचाऱ्यांपुरती. खासगी मालकांवर ती बंधनकारक नाही आणि संघराज्याची कार्यालयं त्या दिवशी उघडी असतात. एकाच घरात राहणारे दोघे, एक शहराच्या नोकरीत आणि दुसरा संघराज्याच्या. पहिल्याला १६ एप्रिलची सुट्टी, दुसऱ्याला नाही. कॅपिटॉल ही संघराज्याची इमारत. तिच्या अभ्यागत केंद्रातल्या मोठ्या दालनाचं नाव ‘इमॅन्सिपेशन हॉल’, म्हणजे मुक्तीचं दालन. फिलिप रीडने कप्पी-दोराने सुटा केलेला तो प्लास्टरचा नमुना आज तिथेच उभा आहे. १६ एप्रिलला त्या दालनातली फरशी पुसणारे, रांगा लावणारे, दार सांभाळणारे कामगार नेहमीच्या वेळेला कामावर येतात.